सरड्याची धाव दिवाणखान्यापर्यंत

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याने सरडा नीट पाहिला होता. विमानतळ मात्र पाहिला नव्हता. आजच्या सरड्याची धाव कुंपणाशी संपत नाही. येमेनच्या डोंगरउतारावरचा वा मादागास्करच्या झाडीतला सरडा शेकडो, हजारो मैलांचा प्रवास करून मुंबई-पुण्यातल्या दहाव्या मजल्यावरील दिवाणखान्यात येऊन पोहोचतो. कुत्रे, मांजर, पोपट आणि मत्स्यालय यांच्या पलीकडे काहीतरी ‘वेगळे’ बाळगण्याची हौस शहरी मध्यमवर्गात रुजली, तिला अलीकडच्या काळात समाजमाध्यमांवरील चित्रफितींनी खतपाणी घातले, आणि इग्वाना, अजगर यांच्याबरोबर शॅमेलिऑन या रंग पालटणाऱ्या प्राण्यालाही गिऱ्हाईक मिळू लागले. हौसेला मोल नसते असे म्हणतात. ते खरे नाही. मोल असते, फक्त ते नेहमी हौस करणाराच मोजतो असे नव्हे.

हे मोल कोण मोजतो, याची कल्पना येण्यासाठी दोन घटना पुरेशा आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये महसूल गुप्तवार्ता संचालनालयाने मुंबई विमानतळाच्या मालवाहतूक संकुलात एक खेप अडवली. कागदोपत्री ते शोभेचे मासे होते. प्रत्यक्षात त्यांच्या आडून अजगर, सरडे, कासवे, इग्वाना असे ६६५ प्राणी आणले गेले होते आणि त्यांतले ११७ पेटी उघडण्यापूर्वीच मेलेले होते. १ जून २०२५ रोजी थायलंडहून मुंबईत उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात ४७ विषारी साप आणि ५ कासवे सापडली. वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ‘ट्रॅफिक’ या संस्थेने त्याच महिन्यात सांगितले, की थायलंड-भारत या हवाई मार्गावर साडेतीन वर्षांत सात हजारांहून अधिक जिवंत वा मृत प्राणी पकडले गेले. पकडले गेले ते इतके. निसटले ते किती, याचा हिशेब कोणाच्याच वहीत नाही. प्रत्येक खेपेत शॅमेलिऑन असतोच असे नाही. पण वाट तीच, मधला दलाल त्याच जातकुळीचा, आणि अखेरचा ग्राहकही तुमच्या-आमच्या शेजारचाच.

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी एक घोटाळा दूर केला पाहिजे. आपल्या बागेत, कुंपणावर मान हलवीत बसणारा, विणीच्या काळात डोके-गळा लालभडक होणारा तो साधा सरडा. तो शॅमेलिऑन नव्हे. खरा शॅमेलिऑन निराळा. दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखे चपटे अंग, फांदीला गुंडाळलेले शेपूट, चिमट्यासारखी बोटे आणि एकमेकांची पर्वा न करता दोन दिशांना फिरणारे दोन डोळे. या कुळाच्या दोनशेहून अधिक जाती आहेत. त्यांतील जवळजवळ निम्म्या एकट्या मादागास्कर बेटावर, तर उरलेल्यांपैकी बहुतेक आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर राहतात. भारताच्या वाट्याला एकच जात आली आहे. ती म्हणजे भारतीय शॅमेलिऑन. कोकणात त्याला घोयरा म्हणतात. महाराष्ट्राच्या रानांत, माळांवरच्या झुडपांत, गावकुसाच्या बाभळींवर तो आजही आढळतो; दिसतो मात्र क्वचितच, कारण न दिसणे हाच त्याचा जगण्याचा व्यवसाय आहे.

घोयऱ्याबाबत कायदा पुरेसा स्पष्ट आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचीत त्याचा समावेश असल्याने त्याला पकडणे, विकणे, मारणे वा घरात पाळणे हा गुन्हा आहे आणि त्यासाठी कैद व दंड या दोन्हींची तरतूद आहे. ‘आम्हाला शेतात सापडला’, ‘मांजराच्या तोंडून सोडवला’, ‘मुलांना दाखवण्यासाठी चार दिवस ठेवला’ ही कारणे ऐकायला निरुपद्रवी वाटली, तरी कायद्यापुढे ती टिकत नाहीत. देशी घोयरा पाळीव प्राणी होऊ शकत नाही, इथे विषय संपतो.

विदेशी शॅमेलिऑनचे तसे नाही. १९७२ चा कायदा झाला तेव्हा आपल्या वाघ-हरणांची काळजी हा त्याचा हेतू होता. येमेनचा सरडा ठाण्यात येऊन राहील, हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. त्यामुळे परदेशी प्राण्यांवरचे नियंत्रण हे मुख्यतः सीमाशुल्क आणि विदेश व्यापार धोरण यांच्या हाती राहिले. परिणाम विचित्र झाला. प्राणी विमानतळावर पकडला गेला तर तस्करी. एकदा का तो दाराबाहेर पडला, की त्याच्याकडे बोट दाखवायला वनाधिकाऱ्यापाशी कायदाच नाही. दुकानदार ‘हा इथेच जन्मला’ असे म्हणे, आणि ते खोटे आहे हे सिद्ध करण्याचे ओझे सरकारवर येई.

वस्तुतः आंतरराष्ट्रीय बंधन जुनेच होते. संकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या ‘साइट्स’ या कराराचा भारत १९७६ पासून सदस्य आहे. शॅमेलिऑन कुळातील बहुतेक साऱ्या जाती या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. म्हणजे त्यांच्या व्यापारावर सरसकट बंदी नाही. पण निर्यात करणाऱ्या देशाच्या परवान्याशिवाय त्या सीमा ओलांडू शकत नाहीत. २०१६ च्या जोहान्सबर्ग परिषदेत आफ्रिकेतील बुटक्या शॅमेलिऑनांच्या दोन प्रजातीही या परिशिष्टात घेण्यात आल्या. करारावर सही करणे आणि तो देशांतर्गत कायद्यात उतरवणे यांत मात्र आपण साडेचार दशके घालवली.

ही पोकळी भरण्याचे प्रयत्न तीन पावलांत झाले. जून २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने एक सूचनापत्र काढून विदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना ते स्वेच्छेने जाहीर करण्यास सांगितले. सहा महिन्यांच्या आत जाहीर करणाऱ्याला प्राणी कुठून आणला याची कागदपत्रे विचारली जाणार नव्हती. डिसेंबर २०२२ मध्ये संसदेने वन्यजीव कायद्यात दुरुस्ती केली, ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली आणि ‘साइट्स’च्या यादीतील जातींना कायद्यात स्वतंत्र अनुसूची व प्रकरण मिळाले. त्यापाठोपाठ फेब्रुवारी २०२४ अखेर नोंदणीचे नियम आले. अनुसूचित विदेशी प्राणी बाळगणाऱ्या प्रत्येकाने ‘परिवेश’ या संकेतस्थळामार्फत राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाकडे नोंद करावी. असलेल्या प्राण्यांसाठी सहा महिने, नव्याने आलेल्यासाठी तीस दिवस. प्राण्याला पिल्ले झाली, तो दुसऱ्याला दिला वा मेला, तर तेही कळवायचे. म्हणजे आज ज्याच्या घरात शॅमेलिऑन आहे आणि नोंद नाही, तो केवळ हौशी राहिलेला नाही. तो कायद्याचा भंग करीत आहे. बहुसंख्य हौशी मंडळींना याची कल्पना नसावी आणि विकणाऱ्याला ती देण्यात स्वारस्य नसावे, हे ओघानेच आले.

ही सुधारणा स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. पण तिच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. पहिली गोष्ट अशी, की नोंदणी प्राण्याच्या अस्तित्वाची होते, त्याच्या इतिहासाची नव्हे. अर्जात नोंदलेला प्राणी अंड्यातून पुण्यात बाहेर आला की बँकॉकहून मोज्यात गुंडाळून आणला गेला, हे शॅमेलिऑनच्या चेहऱ्यावर लिहिलेले नसते. पोपटाच्या पायात वळे घालता येते, कुत्र्याच्या कातडीखाली सूक्ष्म चकती बसवता येते. बोटभर लांबीच्या पिल्लाच्या बाबतीत असे काही करणे व्यवहारात अवघड. दुसरी गोष्ट, विदेशी प्राण्यांची पैदास करणाऱ्याला परवाना घेणे बंधनकारक आहे ते ‘साइट्स’च्या पहिल्या परिशिष्टातील जातींसाठी. बाजारात फिरणारे शॅमेलिऑन दुसऱ्या परिशिष्टातले. त्यामुळे घरगुती पैदास करून विकणारा नोंदणीच्या कक्षेत येतो, परवान्याच्या नाही. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हा सगळा कायदा प्राणी कोणाकडे आहे हे विचारतो. तो कसा आहे, हे विचारत नाही.

आणि खरी शोकांतिका तिथेच आहे. शॅमेलिऑन हा पाळण्यास सोपा प्राणी आहे, असा समज विक्रेते करून देतात. तो भुंकत नाही, केस गाळत नाही, फिरवायला न्यावा लागत नाही, फ्लॅटच्या कोपऱ्यात मावतो. हे सारे खरे. परंतु जगभरचे अनुभवी पालक आणि पशुवैद्य एका गोष्टीवर सहमत आहेत, की नवशिक्याने ज्या सरपटणाऱ्या प्राण्यांपासून दूर राहावे त्यांत याचा क्रमांक फार वरचा लागतो. याची कारणे त्याच्या शरीररचनेत आहेत, आणि ती समजून घेतल्याशिवाय त्याला घरी आणणे म्हणजे मासा आणून पाणी विसरण्यासारखे आहे.

पाण्यापासूनच सुरुवात करू. शॅमेलिऑन वाटीतले पाणी सहसा पीत नाही. साचलेले पाणी त्याला पाणी म्हणून ओळखूच येत नाही. रानात तो पानांवरचे दव आणि पावसाचे थेंब चाटतो. म्हणून पिंजऱ्यात खरी झाडे हवीत. मनी प्लांट, जास्वंद, फायकस अशी. त्यांवर दिवसातून दोन-तीनदा बारीक फवारा मारावा लागतो, शिवाय पानांवर थेंब थेंब पाणी ठिबकत राहील अशी व्यवस्था लागते. पाण्याने भरलेल्या वाटीशेजारी तहानेने सुकलेला, डोळे खोल गेलेला शॅमेलिऑन हे अज्ञानी पालकत्वाचे नेहमीचे चित्र आहे. उलट टोकही तितकेच वाईट. सतत ओलसर, कोंदट, वारा न खेळणाऱ्या जागेत त्याच्या फुप्फुसांना संसर्ग होतो. काचेची टाकी म्हणूनच नको; जाळीचा, उभा, उंच पिंजरा हवा. पूर्ण वाढलेल्या नराला निदान दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार फूट उंच जागा लागते. काचेत आणखी एक धोका असतो. आपलेच प्रतिबिंब त्याला प्रतिस्पर्धी वाटते आणि दिवसभर तो न संपणाऱ्या लढाईत झिजत राहतो.

दुसरा मुद्दा उन्हाचा. हाडे घडण्यासाठी कॅल्शियम लागते, ते शरीराने शोषून घेण्यासाठी ‘ड’ जीवनसत्त्व, आणि ते तयार होण्यासाठी सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांचा विशिष्ट पट्टा. खिडकीच्या काचेतून ऊन आत येते, हे किरण येत नाहीत. म्हणून अतिनील किरण देणारी विशेष नळी दिवसाचे सुमारे बारा तास लावावी लागते आणि ती दिसायला प्रकाशमान असली तरी सहा महिने ते वर्षभरात बदलावी लागते, कारण तिच्यातले न दिसणारे किरण आधी विझतात. हे झाले नाही, तर हाडे मऊ पडतात. पाय धनुष्यासारखे वाकतात, जबडा लवचिक होतो, फांदी पकडता येत नाही, आणि अंगाच्या दीडपट-दुप्पट लांब फेकली जाणारी ती प्रसिद्ध जीभ भक्ष्यापर्यंत पोहोचेनाशी होते. प्राणी उपासमारीने मरतो. समोर किडे असताना.

तिसरा मुद्दा तापमानाचा. पिंजऱ्याच्या वरच्या टोकाला शेकण्यासाठी २९ ते ३५ अंश सेल्सिअसची एक जागा आणि खाली थंड सावली, असा उतार त्याला लागतो. त्यातून तो स्वतःच आपली ऊब निवडतो. रात्री मात्र गारवा हवा. येमेनचा हा सरडा डोंगराळ प्रदेशातला. केनिया-टांझानियाचा तीन शिंगांचा शॅमेलिऑन तर उंचावरच्या थंड, धुकट रानातला. मुंबईच्या मे महिन्यातील घामट रात्रीत त्याला विसावा मिळत नाही. मग पंखा, वातानुकूलन यंत्र, वीज गेल्यास पर्यायी सोय, अशी साखळी सुरू होते. हौस स्वस्त आहे असे वाटून सुरुवात केलेल्याला लवकरच कळते, की प्राण्यापेक्षा त्याचे हवामान महाग असते.

अन्नाचेही तसेच. त्याला जिवंत किडे लागतात. रातकिडे, नाकतोडे, विशिष्ट जातीची झुरळे आणि अळ्या. तेही आधी भाजीपाला खाऊन पुष्ट झालेले, वर कॅल्शियमची भुकटी भुरभुरलेले. सोसायटीच्या बागेतले वा घरातले झुरळ पकडून दिले, तर त्याच्या अंगावरचे कीटकनाशक थेट शॅमेलिऑनच्या पोटात जाते. मादी बाळगणाऱ्याला आणखी एक गोष्ट ठाऊक असावी लागते. येमेनी जातीची मादी नराचा संबंध न येताही अंडी धरते, एका वेळी वीस ते साठ, कधी अधिकही. ती पुरण्यासाठी तिला खोल, ओलसर मातीचे पात्र मिळाले नाही, तर अंडी पोटात अडकतात आणि शस्त्रक्रियेवाचून ती दगावते. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर शहरात गल्लोगल्ली आहेत. सरपटणाऱ्या प्राण्यांवर शस्त्रक्रिया करू शकणारे मोजके.

पण या सर्वांपेक्षा गंभीर गैरसमज त्याच्या रंगांविषयी आहे. ज्यासाठी लोक त्याला विकत घेतात, तेच त्यांना नीट वाचता येत नाही. शॅमेलिऑन पार्श्वभूमीनुसार रंग बदलतो, लाल कपड्यावर ठेवला की लाल होतो, ही कल्पना चुकीची आहे. २०१५ मध्ये जिनिव्हा विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनवर केलेल्या संशोधनातून असे दिसले, की त्याच्या त्वचेतील काही पेशींत ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. प्राणी शांत असताना ते एकमेकांजवळ असतात आणि निळा प्रकाश परतवतात. त्वचेतील पिवळ्या रंगद्रव्याशी मिळून तो हिरवा दिसतो. नर प्रतिस्पर्ध्याला वा मादीला पाहून उत्तेजित झाला, की स्फटिकांमधले अंतर वाढते आणि पिवळे, नारिंगी, लाल रंग उमटतात. थंडी वाजली, भीती वाटली, आजार झाला, तर अंग काळवंडते. म्हणजे रंग हा त्याचा वेश नव्हे, त्याची भाषा आहे.

आता एखाद्या घरातला नेहमीचा प्रसंग डोळ्यांपुढे आणा. पाहुणे आले आहेत. पिंजऱ्यातून शॅमेलिऑन बाहेर काढला जातो, या हातावरून त्या हातावर फिरवला जातो, आरसा समोर धरला जातो. त्याच्या अंगावर पट्टे उमटतात, रंग भडकतात, तोंड वासले जाते. मुले टाळ्या पिटतात, ‘बघा, कसा रंग बदलतोय!’ आणि सात-आठ भ्रमणध्वनी चित्रीकरण करू लागतात. जे सगळे कौतुकाने पाहत आहेत, ती त्याची दहशत आहे. शॅमेलिऑन एकलकोंडा प्राणी. त्याला स्वजातीयाचाही सहवास नको असतो, मग माणसाचा काय असणार? कुत्र्यासारखे प्रेम तो परत करीत नाही; स्पर्श तो फार तर सोसतो. हे सोसणे रोजचे झाले, की प्रतिकारशक्ती खचते आणि वर सांगितलेल्या आजारांपैकी कोणता ना कोणता त्याला गाठतो. नीट सांभाळलेला येमेनी नर पाच ते आठ वर्षे जगू शकतो. हौशी घरातला त्यातली किती जगतो, हे त्या घरानेच स्वतःला विचारावे.

याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. युरोप-अमेरिकेत शॅमेलिऑनची बंदिवासात पैदास करणारे जाणकार आहेत. त्यांच्यामुळे रानातून पकडण्याचा ताण कमी झाला, या प्राण्यांच्या आहाराविषयी, अंडी उबवण्याविषयी पुष्कळ ज्ञान गोळा झाले. रानातून धरून आणलेल्या प्राण्यात परजीवी जंतू आणि प्रवासाचा ताण असतो; पिंजऱ्यात जन्मलेला त्या मानाने निरोगी असतो. जो माणूस आधी वर्षभर अभ्यास करतो, पिंजरा उभारून आठवडे-आठवडे तापमान नोंदवतो, वैध कागदपत्रे असलेलाच प्राणी घेतो, त्याची नोंद करतो आणि त्याला हातात न घेता दुरून पाहण्यात आनंद मानतो, त्याला गुन्हेगारांच्या रांगेत उभे करणे अन्यायाचे होईल. प्रश्न इतकाच, की आपल्या बाजारात असे ग्राहक किती आणि ‘वाढदिवसाची भेट’ म्हणून नेणारे किती?

बंदिवासातील पैदास या शब्दाआड काय दडू शकते, हे मादागास्करला चांगले ठाऊक आहे. तिथून निर्यातीचा ओघ इतका वाढला, की १९९० च्या दशकाच्या मध्यापासून ‘साइट्स’ने चार जाती वगळता त्या बेटावरील शॅमेलिऑनांचा व्यापार थांबवण्याची शिफारस केली. जंगलतोडीने आधीच आक्रसलेल्या त्या रानांत काही जाती अशा आहेत, की त्यांचे सारे जग एखाद्या डोंगरापुरते मर्यादित आहे. तिथल्या लाबोर्डच्या शॅमेलिऑनचे आयुष्य तर थक्क करणारे आहे. वर्षातले आठ-नऊ महिने तो अंड्यात काढतो आणि बाहेर आल्यावर अवघे चार-पाच महिने जगतो. अशा जातीतून एका हंगामात मोठ्या संख्येने प्राणी उचलले, तर पुढच्या वर्षाची पिढीच नाहीशी होते. मागणीचे एक टोक आपल्या शहरात असेल, तर त्या डोंगरावरच्या रिकाम्या फांदीशीही आपला संबंध आहे.

आणि हौस फिटल्यावर काय? कंटाळलेले पालक प्राणी ‘निसर्गात सोडून’ देतात आणि पुण्य केल्याच्या समाधानात घरी येतात. हवाई बेटांची कथा या बाबतीत बोलकी आहे. १९७२ मध्ये केनियाहून तिथे विक्रीसाठी आणलेले काही डझन तीन शिंगांचे शॅमेलिऑन प्रवासाने खंगले होते. ते सावरावेत म्हणून ओआहू बेटावरील एका अंगणात मोकळे सोडण्यात आले. ते सावरले, आणि पसरलेही. आज ते अनेक बेटांवर स्थिरावले असून तिथल्या स्थानिक कीटकांवर आणि गोगलगायींवर ताव मारीत आहेत. येमेनी शॅमेलिऑनही फ्लोरिडात असाच रुजला. हे दूरचे वाटत असेल, तर आपल्या शहरांतील तळ्यांत डोकावून पाहावे. मत्स्यालयाच्या दुकानातून नाण्याएवढी आणलेली लाल कानशिलांची अमेरिकी कासवे ताटाएवढी झाल्यावर तळ्यात सोडली गेली आणि आता देशी कासवांच्या जागेवर हक्क सांगत आहेत. विदेशी शॅमेलिऑन आपल्या रानात मेला तर तो क्रूरपणा. आणि जगला, तर घोयऱ्यावर आणखी एक संकट.

घोयऱ्यावर संकटे आधीच कमी नाहीत. त्याच्या विचित्र रूपामुळे तो विषारी असल्याचा समज खेडोपाडी आहे; वास्तविक तो पूर्णतः निर्विष. दिसला की ठेचायचा, हा एक प्रकार. दुसरा, करणी-तोडगे आणि वैदूंची औषधे यांसाठी त्याला पकडण्याचा. त्यात रस्ते रुंद होत गेले. संथ, डुलत डुलत चालणारा हा प्राणी झाडावरून उतरून पलीकडच्या झाडापर्यंत जाण्यासाठी डांबर ओलांडू लागतो आणि पोहोचत नाही. अंडी घालण्यासाठी मादीला जमिनीवर उतरावेच लागते, त्यामुळे पुढच्या पिढीसकट ती चाकाखाली जाते. ज्या शहरातला माणूस परदेशी शॅमेलिऑनसाठी हजारो रुपये मोजतो, त्याच शहराच्या वेशीबाहेर त्याचा भाऊबंद कोणाच्याही लक्षात न येता संपत आहे, यातला विरोधाभास अस्वस्थ करणारा आहे.

मग करायचे काय? निव्वळ बंदी हा उपाय सोपा दिसतो. पण बंदीने व्यापार नाहीसा होण्यापेक्षा तळघरात जातो, हे आपण इतर अनेक बाबतींत पाहिले आहे. त्याऐवजी आहे त्या कायद्याला धार आणण्याची गरज आहे. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ चे केंद्रीय नियम आहेत आणि त्यांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आवश्यक आहे. ही नोंदणी नसलेल्या दुकानातून वा समाजमाध्यमांवरील गटांतून होणाऱ्या विक्रीवर आधी हात घातला पाहिजे. विदेशी प्राणी विकताना त्याच्या नोंदीची प्रत ग्राहकाला देणे विक्रेत्यावर बंधनकारक करावे. दुसऱ्या परिशिष्टातील जातींच्या पैदाशीलाही परवान्याच्या कक्षेत आणावे. नोंदणी करताना पिंजरा, प्रकाश आणि उपचाराची सोय आहे का, एवढे तरी विचारले जावे. पशुवैद्यकीय महाविद्यालयांनी या शाखेकडे गांभीर्याने पाहावे. आणि ज्यांना आपला प्राणी सांभाळणे अशक्य झाले आहे, त्यांना शिक्षेच्या भीतीवाचून तो सुपूर्द करता येईल असे एखादे ठिकाण प्रत्येक मोठ्या शहरात असावे. ते नसेल, तर कायद्याला घाबरलेला माणूस अंधारात पिशवी घेऊन जवळच्या टेकडीकडेच जाईल.

नागरिकाचे काम त्याहून सोपे आहे. नोंदीचा कागद नसेल तर प्राणी घेऊ नये. मुलाच्या हट्टापायी घेऊ नये, कारण मुलाचा हट्ट महिन्याचा असतो आणि प्राण्याचे आयुष्य वर्षांचे. रानात वा रस्त्यात घोयरा दिसला, तर त्याला उचलून घरी आणू नये. रस्त्याच्या मधोमध असेल तर काठीवर चढवून तो ज्या दिशेला निघाला होता त्या बाजूच्या झाडावर सोडावा. जखमी असेल, तर वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे. आणि मुलांना शॅमेलिऑन दाखवायचाच असेल, तर पावसाळ्याच्या अखेरीस एखाद्या जाणकाराबरोबर माळरानावर घेऊन जावे. तासभर शोधूनही कदाचित तो दिसणार नाही. पण शोधता शोधता झुडूप कसे पाहायचे, हे मुले शिकतील.

राजकारणात कोणी पक्ष बदलला, की आपण त्याला सरड्याची उपमा देऊन मोकळे होतो. सरड्यावर यासारखा दुसरा अन्याय नाही. तो रंग बदलतो तो कोणाला फसवण्यासाठी नव्हे. आपल्याला काय होते आहे, हे तो आपल्या अंगावर लिहून दाखवतो. ऊब हवी आहे, भीती वाटते आहे, मला एकटे सोडा. इतक्या उघडपणे स्वतःची अवस्था सांगणारा प्राणी दुसरा क्वचितच असेल. त्याला दिवाणखान्यात आणण्यापूर्वी ती लिपी वाचायला आपण शिकलो आहोत का, एवढेच ज्याने त्याने पाहायचे. शिकलो नसू, तर सरड्याची धाव कुंपणापर्यंतच राहू द्यावी. कुंपण त्याचे घर आहे.